छत्राबाहेरचा डाव

बालवाडीत लपंडाव चालला होता. राज्य असलेल्या मुलीने अंक मोजून डोळे उघडले, तर बाकीची मुलं मैदानाच्या मधोमध, आपापले डोळे हातांनी झाकून उभी होती. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

फुटबॉलच्या अख्ख्या मोसमात शहरात एकही पेनल्टी अडली नाही. मारणारा ज्या कोपऱ्यात मारायचा, त्याच कोपऱ्याकडे टक लावून धावत यायचा. गोलरक्षक कुठेही उडी मारायचा.

*

नाट्यगृहातला फार्स दुसऱ्या प्रयोगानंतर बंद पडला. नवरा पडद्यामागे लपतो, बायको त्याला घरभर शोधते, असा प्रवेश होता. मध्यंतरात एका प्रेक्षकाने तक्रार केली, "तो पडद्यामागे आहे. मग ती विचारते कशाला?"

*

पोलीस ठाण्यात फसवणुकीचा गुन्हा येईनासा झाला. चोऱ्या होत. चोर घरीच सापडे, आणि विचारलं की सांगे.

*

वॉर्डातल्या एका म्हातारीने छातीत दुखत असल्याचं डॉक्टरांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. सून म्हणाली, "दुखतंय ते डॉक्टरांना माहीत असणारच, असं त्या म्हणत होत्या." सून रडत नव्हती. डॉक्टरांनी मान डोलावली.

*

रविवारी दुपारी हेरंब नाईकवडी शाल्मलीच्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता. शेवटचा डाव जिंकेल त्याने चहा करायचा, हा नियम नागपूरच्या हॉस्टेलपासूनचा. दिवाळीपासून चहा दुसऱ्या कुणी केला नव्हता.

शीतलनगर चंद्रपूरच्या पलीकडे, उघड्या माळावर वसवलेलं होतं. बाहेर माणूस उन्हात तग धरू शकत नव्हता, म्हणून सगळ्या शहरावर एक पारदर्शक छत्र ताणलेलं होतं. छत्राच्या आतल्या अंगाला शीतलेप होता. तो उष्णता शोषायचा आणि आभाळात परत फेकायचा. आत बारा महिने मार्गशीर्ष.

हेरंब मात्र बाहेर राहायचा, डोंगरामागच्या उष्मा-निरीक्षण केंद्रात. दगडी भिंती, एक पाण्यावरचा कुलर, चार लोखंडी खाटा. इतर तीन निरीक्षक केव्हाच छत्राखाली बदली घेऊन गेले होते. रविवारी दुपारपुरता तो शहरात यायचा, पोकर खेळायला.

तो कप घेऊन बाहेर आला. जाजमावर चिंचोक्यांचे ढीग होते. पैशांनी ते कधीच खेळले नव्हते.

"तू आमचे पत्ते बघतोस," यशोधन गुळवणी म्हणाला. यशोधन छत्राच्या लेपाची देखभाल पाहणारा अभियंता. त्याच्या आवाजात राग नव्हता. आज हवा चांगली आहे, असं म्हणावं तसं तो म्हणाला.

"तुमच्या थोबाडावर लिहिलेले असतात बे. राजा आला की तू राजा आल्यासारखा हसतोस."

"मग कसं हसायचं?"

"राजा आला तर हसायचंच," अन्वर तांबोळी म्हणाला.

हेरंबने त्याच्याकडे पाहिलं. हा अन्वर. चौघांत वयाने मोठा, आयुष्यभर नाटकं बसवलेला, हृदयात स्टेंट घालूनही रोज संध्याकाळी शहराच्या बाहेरच्या दारात बिडी ओढायला जाणारा. ब्लफला चौघं 'थाप' म्हणत, आणि थाप म्हणजे अन्वर. दुर्री आणि सत्ती हा पोकरमधला सगळ्यात भिकार हात. अन्वर दुर्री-सत्तीवर वॉर्डनलासुद्धा पत्ते टाकायला लावेल, असं मेसमध्ये म्हणायचे. त्याच्यामुळेच दुसरा नियम आला होता: न दाखवता जिंकलेला हात कुणी उलटून बघायचा नाही. नाहीतर रोज मारामारी झाली असती.

आता हा अन्वर चांगले पत्ते आले की चिंचोके पुढे सारायचा आणि वाईट आले की टाकायचा. तिघंही तसंच करायचे. कित्येक महिन्यांत या जाजमावर हेरंबशिवाय कुणी थाप मारली नव्हती, आणि हेरंबची एकही थाप पकडली गेली नव्हती.

"शाल्मली," तो म्हणाला, "ती बाहुल्यांची चाचणी मला पुन्हा सांग."

डॉ. शाल्मली केकरे लहान मुलांच्या मेंदूची तज्ज्ञ. तिने चष्मा वर सारला. "परचित्तबोधाची? सोपी आहे. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे कळणं म्हणजे परचित्तबोध. कानाच्या वर, जरा मागे, मेंदूचा एक लहानसा पट्टा ते काम करतो. थट्टा, खोटं, दया, भीड, सगळं तिथून. थाप मारायलाही तोच लागतो आणि पकडायलाही तोच."

"आणि चाचणी?"

"एक बाहुली टोपलीत चेंडू ठेवते आणि बाहेर जाते. दुसरी बाहुली तो चेंडू पेटीत हलवते. पहिली परत आली की चेंडू कुठे शोधेल?"

"कुठे?"

"पेटीत."

"ती बाहेर होती, शाल्मली. तिने बघितलंच नाही."

"हो. पण चेंडू पेटीत आहे ना?"

हेरंबने कप खाली ठेवला. "पुस्तकात उत्तर टोपली आहे. तूच शिकवलंस मला."

"होतं. आता सगळी मुलं पेटी म्हणतात, अगदी दहा वर्षांचीसुद्धा. इतकी मुलं कशी चुकतील? म्हणून मी उत्तर सुधारून घेतलं." ती समाधानाने सांबारवडीचा तुकडा चावू लागली.

"मुलं नाही चुकत, त्यांचा तो पट्टा मेला आहे. तुमचाही. या हवेत काहीतरी आहे. यशोधन, लेपातून काही सुटतं का?"

"सुटतं की. तापला की वाफ सोडतो. मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण विरघळवते ती, थोडं थोडं."

खोलीत कुणी दचकलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"चाचण्या मीच केल्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

यशोधनला प्रश्न कळला नाही. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणजे सगळ्यांना होतंच ना."

या शहरात कुणी काही लपवत नव्हतं. प्रत्येकाला आपल्यापुरतं ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक ते जगाला ठाऊक, असं प्रत्येक जण धरून चालला होता. बाहेरून दोन तपास समित्या येऊन गेल्या होत्या. गुन्हे कमी, भांडणं कमी, लोक सरळ उत्तरं देतात, असा अहवाल देऊन त्या आपापल्या शहरात छत्र उभारायला परतल्या. लेपाबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं आणि कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

"बरं होतं का हे?" त्याने शाल्मलीला विचारलं.

"वाफेपासून दूर ठेवलं तर आवरण परत येतं. काही महिने लागतात. फार उशीर झाला असेल तर नाही येत."

"बरा झाला हे कसं ओळखायचं?"

"तो खोटं पकडेल. किंवा खोटं बोलेल."

"आधी कुठलं?"

"ते अजून कुणी बघितलेलं नाही."

"मग चला माझ्याकडे. आजच. तुम्ही तिघं आजारी आहात."

शाल्मली हसली. "मी आजारी असते तर मला कळलं नसतं का?"

तो समजावत राहिला. बाहुल्या मांडल्या, पत्ते उघडे टाकून थाप कशी असते ते दाखवलं. तिघांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी अन्वरने पत्ते पिसले आणि म्हणाला, "वाट."

हेरंबने दोन पत्ते उचलले. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने आपले सगळे चिंचोके पुढे सारले. तिघांनी एकामागून एक पत्ते टाकले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ही माणसं खऱ्यापुढे हलत नाहीत, पण खोट्यापुढे हलतात.

"मंगळवारी छत्र पडणार आहे," तो म्हणाला.

तिघंही उठले. शाल्मली बॅग भरायला आत गेली. तुला कुणी सांगितलं, असं एकाने विचारलं नाही. छत्राची प्रत्येक तुळई ज्याने हाताने तपासली होती, त्या यशोधनने एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूने?"

"पूर्वेकडून."

"मग पश्चिमेच्या दाराने निघू."

जिन्यात शेजारीण भेटली. तिला त्यांनी काही सांगितलं नाही. तिला माहीत असणारच होतं. यशोधनची आई दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. तिच्या खिडकीत दिवा होता. यशोधन खालून सरळ पुढे चालत गेला. हेरंब क्षणभर थांबला, आणि मग तोही पुढे गेला. केंद्रात खाटा चारच होत्या.

*

डोंगरामागून शहर दिसत नसे. बुधवारी शाल्मलीने विचारलं, "पडलं?"

"पडलं."

"बरं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

फाल्गुन सरला. दगडी भिंती रात्रीही तापलेल्या राहू लागल्या. हेरंबने रविवारचा पोकर चालू ठेवला. त्याच्याकडे दुसरं मोजमापच नव्हतं. तो दर डावात थाप मारायचा आणि कुणी "दाखव" म्हणतंय का याची वाट बघायचा. हातात छक्की-तिर्री घेऊन तो सगळे चिंचोके लोटायचा. ते पत्ते टाकायचे. मग तो चहा करायला उठायचा.

पहिल्या महिन्यात तो तिघांचे चेहरे बारकाईने न्याहाळत असे. पुढे त्याने ते सोडलं. त्या चेहऱ्यांवर वाचण्यासारखं काही नव्हतं. पुढे आलेला चिंचोका म्हणजे चांगला पत्ता, इतकं सरळ गणित होतं.

चैत्राच्या शेवटी विहीर आटली. टँकर येईना. कुलरला पाणी घालायचं की प्यायचं, असा प्रश्न आला आणि कुलर नुसती गरम हवा फेकू लागला. शाल्मली आणि यशोधन ओला पंचा डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसायचे. अन्वरच्या पायांवर सूज आली. दोन पावलं टाकली की तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहायचा.

हेरंबने त्याला व्हरांड्यात गाठलं. यशोधन आत पत्ते लावत बसला होता.

"अन्वर, तुला शहरात नेतो. दवाखान्यात. आज."

अन्वर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पडलेल्या छत्राखाली? डोकं फिरलं का बे तुझं?"

तो जरुरीपेक्षा जरा मोठ्याने बोलला. आत पत्त्यांचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"कुठेतरी दवाखाना उभा असेल," हेरंब पुटपुटला.

"मी नाही जात. तू ह्या दोघांकडे बघ." अन्वरने कानामागची बिडी काढली, हुंगली आणि परत ठेवली. "आणि चहात साखर कमी घालत जा. हॉस्टेलपासून सांगतोय."

खरं सांगावं, असं हेरंबच्या मनात आलं. सांगितलं तर अन्वर वाचेल. पण अन्वर काही लपवू शकणार नाही. यशोधनने विचारलं की तो सांगेल, आणि तिघंही संध्याकाळपर्यंत छत्राखाली परत जातील, कायमची. त्याने दोन माणसं एका पारड्यात घातली आणि एक दुसऱ्यात. मग तो पाण्याची कळशी भरायला गेला.

त्याच दुपारी ते खेळले. मध्ये पाच पत्ते उघडे होते: दोन राजे, राणी, नव्वी, चव्वी. हेरंबच्या हातात एक्का आणि राणी. म्हणजे राजांची जोडी आणि राण्यांची जोडी. बऱ्याच दिवसांनी त्याचा हात खरोखर चांगला होता. शाल्मलीने आणि यशोधनने पत्ते टाकले.

अन्वरने आपले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढे लोटले.

हेरंबने मान वर केली नाही. गरजच नव्हती. अन्वरने लोटले, म्हणजे त्याच्याकडे तिसरा राजा होता.

"गेलो," हेरंब म्हणाला आणि पत्ते टाकले.

अन्वरने आपले दोन पत्ते पालथे गड्डीत सरकवले. "आज चहा माझा," तो म्हणाला. भिंत धरत तो स्वयंपाकघरात गेला आणि चार कप घेऊन आला. चहा गोड नव्हता. हेरंबच्या पाठीवर त्याने एक थाप मारली आणि आपल्या खाटेवर जाऊन आडवा झाला.

दिवस मावळायच्या आत त्याचा श्वास थांबला. शाल्मलीने नाडी बघितली. "उष्माघात. हृदय आधीच कमजोर होतं," ती म्हणाली, आणि कपात उरलेला चहा पिऊन टाकला.

*

वैशाखातला रविवार. जाजमावर तिघं. अन्वरचे चिंचोके एका वाटीत तसेच ठेवलेले.

हेरंबच्या हातात गुलाम आणि तिर्री. मध्ये त्यांच्या उपयोगाचं काही नव्हतं. त्याने नेहमीसारखे सगळे चिंचोके पुढे सारले.

यशोधनने पत्ते टाकले नाहीत. दाखव, असंही म्हणाला नाही. तो हातातल्या पत्त्यांकडे बघत होता, पण त्याला पत्ते दिसत नव्हते.

"आईला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

हेरंबचा हात चिंचोक्यांवरच राहिला.

"छत्र पडणार हे मला तू सांगितलंस. तिला कुणी?" त्याचा आवाज वर चढत गेला. "तिच्या खिडकीत दिवा होता. ती जेवायला माझी वाट बघत बसली असणार. मी खालून गेलो रे. खालून गेलो मी, हाकसुद्धा मारली नाही!"

"तिला माहीतच असेल," शाल्मली म्हणाली. "छत्र पडलं आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

यशोधनने तिच्याकडे पाहिलं. मग हेरंबकडे. गेल्या कित्येक महिन्यांत कुणी त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. समोरचा आपल्या आत शिरतो आहे, एकेक खोली उघडून बघतो आहे, असं हेरंबला वाटलं. या नजरेसाठीच त्याने सगळं केलं होतं.

"छत्र पडलंच नाही," यशोधन म्हणाला. "थाप होती."

"हो."

"आई?"

"असेल. बरी असेल. आत सगळे बरे असतात."

यशोधनने तोंड हातांनी झाकलं. हेरंबने त्याच्या खांद्याला हात लावला. तो त्याने झटकला.

"आणि अन्वर? दवाखाना उभा होता. आत गारवा होता. त्याला नेलं असतंस तर तो जगला असता."

"नेलं असतं तर तुम्ही दोघं परत गेला असता. तू आज आईबद्दल विचारलंही नसतंस."

"हे त्याला विचारलं होतंस?"

"कसं विचारणार? त्याला कळलं असतं का?"

"तेच म्हणतोय मी." यशोधन उभा राहिला. "त्याला कळणार नाही म्हणून तू ठरवलंस. त्याचं मरण तू ठरवलंस, आणि आपण कशासाठी मरतोय हे त्या माणसाला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. पडलेल्या छत्राला भिऊन मेला तो. नाटकं बसवणारा माणूस, हेरंब. खाटकाच्या दारातल्या बकऱ्यासारखा मेला."

महिनाभर हेरंब स्वतःला हेच म्हणत होता, याच शब्दांत.

"मंगळवारी पडणार होतं ते पडलं," शाल्मली म्हणाली. "बुधवारी मी विचारलं होतं." तिने दोघांकडे पाहिलं आणि पत्ते गोळा करायला लागली.

यशोधनने पाण्याची बाटली घेतली, पंचा भिजवून डोक्याला गुंडाळला.

"कुठे निघालास?"

"आईला आणायला."

"ती येणार नाही. खरं सांगितलं तर कुणीच येत नाही."

"खरं नाही सांगणार. थाप कशी मारायची ते आलंय मला." दारात तो थबकला. "आत किती वेळ टिकेन मी?"

"ठाऊक नाही. तिथे पोचेपर्यंत नक्की. मग ती जेवायला बसवेल, थांब म्हणेल. फार थांबू नकोस."

"आत गेल्यावर, कशाला आलो ते विसरलो तर?"

"विसरणार नाहीस. फक्त तिला ते माहीतच आहे असं वाटायला लागेल."

यशोधन उन्हात उतरला. डोंगराच्या वळणापर्यंत त्याचा पांढरा पंचा दिसत होता. हेरंब व्हरांड्यात उभा राहून त्या वळणाकडे बघत राहिला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि नंतरच्या रविवारपर्यंत. वळणावर कुणी आलं नाही.

त्या रविवारी शाल्मलीने दोघांपुरते पत्ते वाटले. हेरंबने न बघता सगळे चिंचोके पुढे सारले. शाल्मलीने पत्ते टाकले, आणि तो चहा करायला उठला.

*

अन्वर तांबोळी जो शेवटचा डाव जिंकला, त्यात त्याच्या हातात चौकटची दुर्री आणि किलवरची सत्ती होती.